क्लच दाबायला आलेली बाई

यजमान गेल्यापासून मी सवयीने देवापुढे हात जोडत होते, पण मागावंसं काही वाटत नव्हतं. त्यांच्यासाठी कळवळून मागितलं तेव्हा त्याने ऐकलं नव्हतं, ही अढी मनात घट्ट बसली होती. अशा कोरड्या मनाने मी बोरीजवळच्या आमच्या शेतातल्या घरी, बाळंतपणाला आलेल्या लेकीची काळजी घेत होते.

त्या दिवशी आसपासच्या शेतांतली सगळी माणसं सेलूला लग्नाला गेली होती. यजमानांच्या जुन्या गाडीचा क्लच मऊ पडला होता. पेडल दाबलं की पार तळाला जाई आणि गिअर पडत नसे. लेकीला अजून अवकाश आहे, तोवर दुरुस्त करून ठेवावं म्हणून मी गाडीखाली सतरंजी टाकली. नळीच्या जोडातून ऑइल झिरपत होतं. जोड आवळला, वरून ऑइल भरलं. आता आत शिरलेली हवा तेवढी काढायची होती, आणि तिथेच मी अडले. या कामाला दोघं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खालचा छोटा स्क्रू सैल करून हवा जाऊ द्यायची. इतकी वर्षं ते खाली असत आणि मी पेडलवर.

तेवढ्यात लेकीने आतून हाक मारली. कळा सुरू झाल्या होत्या. रुग्णवाहिकेसाठी फोन केला, तर ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, वेळ लागेल म्हणाले. मी अंगणात येऊन नुसती उभी राहिले. मनात म्हटलं, दत्तमहाराज, माझ्या हातात होतं ते इथवरच. आता तुम्ही बघा.

फाटकाशी साठीची एक अनोळखी बाई पाणी मागत होती. पाणी देता देता मी तिला सगळं सांगून टाकलं. तिने पिशवी ओट्यावर ठेवली, चपला काढल्या आणि गाडीत जाऊन बसली.

"मला ह्यातलं काई कळत न्हाई, बाई," ती म्हणाली. "तुमी सांगताल तसं करते."

मी खालून "दाबा, धरा" म्हणायची, स्क्रू सैल करायची. ऑइलबरोबर बुडबुडे सुटायचे. स्क्रू आवळून "सोडा" म्हणायची. कितीदा झालं, आठवत नाही. मधूनच ती लेकीला हाक मारून धीर देई. हळूहळू बुडबुडे थांबले आणि तिच्या पायाला पेडल घट्ट लागलं.

गिअर पडला. तुम्हाला उशीर होईल, असं मी तिला म्हटलं.

"माझं घर कुटं पळून जायलंय," म्हणत ती मागे लेकीजवळ बसली. परभणीच्या दवाखान्यापर्यंत लेकीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. संध्याकाळी मला नात झाली.

बारशाला तिला आग्रहाने बोलावलं. त्या दिवशी आमच्या वाटेला कशा आलात, असं विचारलं तर ती लाजली.

"यष्टीत डोळा लागला. गाव मागं राहिलं, म्हणून वापस चालत निघाले."

तिच्या लेखी ती एक डुलकी होती. जे मागितलं आणि मिळालं नाही, त्याचं दुःख आजही आहे. पण अंगणात मी हात टेकले, तेव्हा मी एकटी नव्हते, एवढं मला उमगलं आहे. नात त्या बाईच्या मांडीवरच झोपली होती. पाळणा सजवून तयार होता, बायका खोळंबल्या होत्या, तरी बराच वेळ मी तिला उचललं नाही.