दोघांनी पाहिलेला पक्षी

नोकरीत माणसाजवळ दोन गोष्टी आपोआप साचतात, रजा आणि किस्से. रिटायर होताना रजा संपते आणि किस्से सुरू होतात. माझे बहुतेक किस्से पक्ष्यांचे आहेत. पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीतला आमचा कारखाना नवा होता, भोवती नुसता माळ. रविवारी पहाटे आम्ही चारपाच कारकून सायकली घेऊन धुक्यात शिरायचो आणि कुणी न पाहिलेला पक्षी शोधायचो. सोमवारी कँटीनमध्ये चहाबरोबर निकाल!

*

टायपिस्ट मुळ्याला आळंदीच्या नदीत रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा दिसला. पुढच्या रविवारी सगळे गेलो. थवा तिथेच होता. वाळूवर वाळत घातलेली लुगडी होती ती.

मुळे म्हणाला, "मागच्या रविवारी उडत होती."

तेव्हापासून नियम झाला. पक्षी दोघांनी पाहिला तरच मंजूर.

*

नियमाचा फटका बसला स्टोअरकीपर नाना परचुऱ्यांना. नानांना सगळ्यांत जास्त पक्षी दिसत, पण नेमके एकटे असताना. रिटायर व्हायला वर्ष उरलं, तरी एकही पक्षी मंजूर झालेला नव्हता. "एक तरी मंजूर करून घेऊनच जाईन," ते म्हणत. अशी तळमळ त्यांनी प्रमोशनसाठीही दाखवली नव्हती.

*

महाळुंग्याच्या गवतात त्यांना तणमोर दिसला, मादीसाठी गवतावर उड्या मारणारा नर. दुसऱ्या दिवशी साक्षीला ते बायकोलाच, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन गेले. आम्ही काकूंना विचारलं, काय पाहिलंत?

"काळी कोंबडी. सारखी उड्या मारत होती. विंचू चावला असेल बिचारीला."

नामंजूर.

*

तिथल्याच एका शेतकऱ्याला नानांनी साक्षीला यायची गळ घातली. तो म्हणाला, "आमी रोज बगतो. आमाला कुनाची मंजुरी लागत न्हाई."

*

शेवटी एका रविवारी मी नानांबरोबर चाकणच्या माळावर गेलो. सायकली बाभळीला टेकवल्या. धुकं विरळ होत होतं, गवत ओलं होतं. त्यातून एक उंच पक्षी चालत आला. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, पावलं अशी की माळ सासऱ्याचा आहे. माळढोक! बराच वेळ तो आमच्यासमोर चरत राहिला. आम्ही श्वास जपून घेत होतो. मग तो धुक्यात गेला, आणि तो खरंच आला होता की नाही असं वाटायला लागलं.

"पाहिलास?" नानांनी हळूच विचारलं.

"पाहिला, नाना."

परत येताना म्हातारा चढावरसुद्धा सायकलवरून उतरला नाही.

सोमवारी कँटीनमध्ये नाना नवा कोट घालून आले. नेमके तेव्हाच आमचे नवे साहेब कप घेऊन टेबलाशी आले. साहेबांकडे जीप होती, बंदूक होती, आणि पक्ष्यांची आवड होती ती ताटातल्या.

"काय परचुरे, चाकणकडे गेला होतात म्हणे. काही मोठं दिसलं?"

नाना कपात बघत राहिले. चहावर साय धरली.

"टिटव्या, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"टिटव्याच," मी म्हणालो.

साहेब गेले. मुळ्याने टेबलावर थाप मारली.

"दोघांनी पाहिल्या ना? अभिनंदन नाना! टिटव्या मंजूर."