पुढच्या ब्रेकचा कॉक

"पोरगी गेली का घरी?"

"गेली असेल. आवाज येत नाही."

"आवाज तर ती असली तरी येत नाय."

मी गेले नव्हते. मी त्यांच्याच ट्रकखाली, मागच्या अ‍ॅक्सलजवळ, पाठीवर पडून ग्रीस भरत होते. विचारणारे नाना, म्हणजे ट्रकचे मालक. उत्तर देणारे बशीरचाचा. ते उमेदीची सगळी वर्षं नानांकडे ड्रायव्हर होते आणि आता रोज संध्याकाळी चहाला येतात. मला खालून फक्त पायताणं दिसत होती. नानांची कोल्हापुरी आणि चाचांची रबरी चप्पल. रबरी चप्पल पुढच्या डाव्या चाकाशी थांबली. चाचा गुडघ्यांना बोल लावत खाली बसले आणि माझ्या टूल-रोलमधून त्यांनी एक पाना ओढून काढला.

"पार ढिले कर," नाना म्हणाले. "जरासुद्धा लागायला नको."

बरेच दिवस मला न सुटलेलं कोडं तिथं पडल्या पडल्या सुटलं.

मी जुन्या गाड्यांचं मेकॅनिकल काम करते. इंजिन, क्लच, स्टिअरिंग, ब्रेक. रंग आणि गाद्या दुसरे लोक करतात आणि फोटोत त्यांचंच काम दिसतं. बहुतेक गाड्या आमच्या वाळूजच्या वर्कशॉपमध्ये येतात. नानांची आली नाही. पुढं लांब नाक असलेला हा ट्रक पडेगावात त्यांच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभा होता. नानांचं म्हणणं, गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडेल, क्रेनला लटकून नाही. म्हणून बॉसनी मलाच तिकडं पाठवलं. एकटीनं करायचं हे माझं पहिलं काम. निघताना ते म्हणाले होते, "कस्टमरशी बोलत जा." मी मान हलवली होती.

काम तसं सरळ गेलं. एअर फिल्टरमध्ये उंदरांचा संसार होता, तो हलवला. जाम झालेले पिस्टन सोडवले, क्लच-प्लेट नवी घातली, रेडिएटर उघडून साफ केला. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, धुराकडे एकदा बघून अंगणातले पापड आत घेऊन गेल्या. नानांनी त्याच दिवशी जाहीर केलं की काम पुरं झालं की पहिल्याच शनिवारी काकूंना शेजारी बसवून याच गाडीतून खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जायचं. गाडी चाचा चालवणार. म्हणजे जाताना दौलताबादचा घाट चढायचा आणि येताना उतरायचा. चढाची मला काळजी नव्हती. चढावर गाडी फार तर बंद पडते.

ब्रेकचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. प्रत्येक चाकाच्या आत ड्रम नावाचं लोखंडी भांडं असतं. पायाखालचं पेडल दाबलं की आतले दोन ब्रेक-शू फाकतात आणि ड्रमला घासून चाक थांबवतात. शू आणि ड्रममधलं अंतर चाकामागच्या एका नटानं कमी-जास्त करता येतं. मी चारही चाकांचं अंतर नीट लावून जायचे. संध्याकाळी पेडल अर्ध्यावर घट्ट लागायचं. सकाळी तेच पेडल जवळपास तळाला जायचं.

मी आधी ब्रेक ऑइलच्या पाइपमधली हवा काढली. मग ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरचे नवे रबर पुन्हा नव्यानं बदलले. मग पुढचे ड्रम उतरवून शूवरचे लायनर तपासले. काहीच सापडेना. पुढच्या दोन चाकांचं सेटिंग तेवढं रोज आपोआप ढिलं व्हायचं, मागच्यांचं नाही. माझ्या हातालाच काही झालंय का, असं वाटायला लागलं होतं. वर्कशॉपमध्ये फोन करून विचारावं, तर सगळ्यांना कळलं असतं की मला ब्रेक सेट करता येत नाहीत.

आणि इथं चाचा माझ्याच पान्यानं, गाणं गुणगुणत, माझं सेटिंग काढत होते.

ते दोघं चहाला गेल्यावर मी ट्रकखालून निघाले. थेट विचारायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे मी लपून ऐकलं हे कबूल करायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आडवळणानं विषय काढला. पुढचे ब्रेक कसे काम करतात, असं जरा सांगू का, म्हटलं. एसटी थांबली की उभी माणसं पुढं कलतात, तसं गाडीचं वजनही पुढच्या चाकांवर येतं. म्हणून थांबवायचं जास्त काम पुढच्या ब्रेकला करावं लागतं. मी हे सगळं इतक्या हळू बोलले की चाचांनी मध्येच पंखा बंद केला.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, ते कंपनीतल्या गाड्यांचं. आपल्या गाडीला पुढचे ब्रेक लावले की ती नाकावर बसती. आमच्या बापानं कधी ठेवले नाय, मी नाय ठेवले."

"सामने का ब्रेक लगा तो गाडी घूमती," चाचा म्हणाले. "मेरे सामने घूमी है. धावतं जनावर मागूनच धरायचं असतं, मॅडम."

दोघांचं अगदीच चूक नव्हतं. त्यांच्या काळात दोन्ही बाजूंचे पुढचे ब्रेक सारखे लावून मिळायचे नाहीत. एक बाजू आधी धरली की स्टिअरिंग त्या बाजूला ओढलं जायचं आणि टायर गुळगुळीत असले तर गाडी फिरायची. म्हणून कितीतरी ड्रायव्हर पुढचे ब्रेक बंदच करून टाकायचे. पण आता दोन्ही बाजू सारख्या होत्या. मी त्या हजारदा मोजल्या होत्या, कारण मला रोजच मोजाव्या लागत होत्या. आणि घाटात फक्त मागच्या ब्रेकवर उतरायचं म्हणजे थांबायला बरीच जास्त जागा लागणार. काकू पुढं बसणार होत्या.

बैलाला वेसण नाकातच घालतात, हे उत्तर मला सुचलं. पण तेव्हा मी घरी पोचले होते.

किरणदादांना, म्हणजे नानांच्या मुलाला, सांगता आलं असतं. ते नानांना रागावले असते, नानांनी मान हलवली असती आणि संध्याकाळी चाचा पुन्हा खाली बसले असते. या दोघांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं. त्यांना दुसरं काहीतरी फिरवायला देणं होतं.

शहागंजातून मी एक पितळी कॉक आणला. पाण्याच्या नळाला असतो तसा, पण जाड, कॉम्प्रेसरचा. छान लाल दांडा असलेला. तो मी ड्रायव्हरच्या दाराखाली चेसिसला पक्का बसवला. त्याच्या दोन्ही बाजूंनी तांब्याचे पाइप काढले आणि ते वळवून चेसिसच्या आडोशाला नेले. तिथं ते संपले. दांडा फिरवला की कॉक टक्क असा आवाज करायचा. तो आवाज चांगला यावा म्हणून मी त्याला थोडं तेलही दिलं. वर पांढऱ्या रंगानं लिहिलं: चालू, बंद.

नानांना फक्त एवढं सांगितलं, "पुढच्या ब्रेकचा कॉक."

पुढचं मला काही सांगावं लागलं नाही. नाना खाली वाकले. चाचांनी दांडा चालूवरून बंदवर नेला. टक्क. परत चालूवर आणला. टक्क.

"आता सेटिंगला हात नका लावू," मी म्हटलं. "बंद करायचं तर हा आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चाचा अगदी गंभीरपणे म्हणाले, "सेटिंग को किसने हात लगाया?"

त्या दिवसापासून पुढच्या चाकांचं सेटिंग जागच्या जागी राहिलं. मी रोज सकाळी मोजायचे. संध्याकाळी चहाच्या आधी मात्र टक्क ऐकू यायचं. पुढं पुढं नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉक दाखवायला लागले. बॉस एकदा काम बघायला आले तेव्हा त्यांनाही दाखवला. बॉसनी पाइप कुठं जातात ते वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागितला.

शनिवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. निघण्यापूर्वी मी चारही चाकं तपासली. चाचांनी कॉक तपासला. बंद होता. पुढं चाचा, मधे काकू, खिडकीशी नाना. मी मागं हौद्यात टूलबॉक्स घेऊन. किरणदादा त्यांच्या कारनं पाठोपाठ. चढाला इंजिन जरा तापलं, दोनदा थांबलो, पण पोचलो. दर्शन झालं, नारळ झाले.

उतरताना चाचा फार सांभाळून चालवत होते. पुढचे ब्रेक बंद आहेत अशी त्यांची खात्री होती, त्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रखडत उतरत होती. आपल्याला ब्रेक कमी आहेत असं वाटणारा ड्रायव्हर हळू चालवतो. हा फायदा मी आधी धरला नव्हता.

घाटातल्या एका वळणापुढं एक कार भर रस्त्यात उभी होती. चारही दारं उघडी. आतली मंडळी माकडांना बिस्किटं देत होती. एक बाई लेकराला कडेवर घेऊन फोटो काढून घेत होत्या. चाचांनी हॉर्न दिला. बाई फोटोसाठी आणखी थोड्या मागं सरकल्या, म्हणजे आमच्या बाजूला.

चाचांनी ब्रेक मारला. मी दोन्ही हातांनी हौद्याचा कठडा धरला. ट्रकचं नाक खाली गेलं, टूलबॉक्स माझ्या पायांवर आला आणि ट्रक थांबला. सरळ. कुठंही न फिरता. बाई आणि बंपर यांच्यात दोन-तीन पावलांचं अंतर राहिलं. माकडं आधीच पळाली होती. मग माणसंही गाडीत बसली.

मी टूलबॉक्स पायांवरून बाजूला ढकलला.

पायथ्याशी चहाला थांबलो तेव्हा काकू म्हणाल्या की त्यांचा प्रसादाचा नारळ घरंगळत पार पुढं गेला, इतकी जोरात थांबली गाडी. नाना मात्र थेट कॉकपाशी गेले. त्यावर हात ठेवून ते किरणदादांना म्हणाले, "बंद व्हता म्हणून वाचली ती बाई. चालू असता तर गाडी आडवी झाली असती."

चाचांनी हौ म्हणून दुजोरा दिला.

मी चहा पीत राहिले. थांबलेला ट्रक हाच माझ्या कामाचा निकाल होता आणि तो लागला होता. श्रेय कॉकला गेलं तर जाऊ द्यावं, असं मी ठरवलं होतं.

तेवढ्यात नानांनी फोन लावला. गंगापूरला त्यांचा पुतण्या असतो, त्याच्या दोन गाड्या उसाच्या वाहतुकीवर असतात. फोन स्पीकरवर होता. नानांनी त्याला घाट, माकडं, बाई आणि कॉक हे सगळं सांगितलं, आणि म्हणाले की ही आमची पोरगी तुझ्या दोन्ही गाड्यांना कॉक बसवून देईल. पुतण्या खूश झाला. म्हणाला, सीझन सुरू व्हायच्या आत बसवू. तिला यायला जमत नसेल तर इथला आमचा मिस्त्री बसवेल, नुसतं कुठं जोडायचं ते सांगा.

हे माझ्या हिशोबात नव्हतं. माझा कॉक एका गाडीपुरता होता. गंगापूरच्या मिस्त्रीनं तो इमानदारीनं पाइपला जोडला असता आणि उसानं भरलेला ट्रक खरोखर मागच्या दोन ब्रेकवर रस्त्यावर आला असता. लबाडी करावीच लागली तर तिची नक्कल होणार नाही याची सोय आधी करावी, एवढं मी त्या चहाच्या टपरीवर शिकले.

नानांनी फोन माझ्यापुढं धरला. "सांग गं त्याला, कुठं जोडायचा ते."

आधी मनात वाक्य जुळवायची माझी सवय आहे. तेवढा वेळ नव्हता.

"दादा, कुठंच नाही," मी म्हटलं. टपरीवाल्यानंसुद्धा वळून बघितलं, म्हणजे आवाज बऱ्यापैकी निघाला असावा. "नानांचा कॉक कशालाच जोडलेला नाही. पुढचे ब्रेक पहिल्यापासून चालू आहेत, त्याच्यावरच आज गाडी थांबली. तुमच्या गाड्या घेऊन या, चारही चाकांचे ब्रेक नीट लावून देते. आणि कॉक हवाच असेल तर तोही बसवते. असाच."