जुन्या ड्राइव्हमधले फॉन्ट

मागच्या रविवारी दादाचा कंप्युटर उघडला. उघडला म्हणजे स्क्रू काढून उघडला... जुनी हार्ड डिस्क काढून नवीन एसएसडी बसवायची होती.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, प्रदीप. आमच्या वस्तीत, इंदोऱ्यात, घराच्याच समोरच्या खोलीत त्याचं कार्ड छापायचं दुकान होतं. लग्न, वाढदिवस, स्मृतिदिन... वस्तीतल्या बहुतेक घरांची कार्डं त्यानेच केलेली.

गेल्या वर्षी तो गेला. अचानक. त्याबद्दल एवढंच लिहितो.

त्यावेळी कार्ड छापायचं कोणालाच सुचलं नाही. व्हॉट्सअपवर एक मेसेज फिरवला, त्यातही कार्यक्रमाची वेळ चुकली होती. ते वहिनीच्या मनाला लागून राहिलं.

आता पहिला स्मृतिदिन जवळ आला. मी म्हटलं, बर्डीच्या बाजारातून कार्ड छापून आणतो. ती म्हणाली, "साऱ्या वस्तीचे कार्ड यायनं केले, अन् यायचं कार्ड दुसऱ्याच्या दुकानातून आणता काय, भाऊजी?"

मग दादाच्याच दुकानात छापायचं ठरलं. पण स्मृतिदिनाच्या कार्डाचा दादाचा नमुना त्याच्या कंप्युटरमध्येच होता आणि कंप्युटर वर्षभर बंद. सुरू केला तर आतून कट कट आवाज यायचा आणि स्क्रीन निळी होऊन थांबायची.

दादाचे मित्र वासुदेवभाऊ कंप्युटर दुरुस्त करतात. ते म्हणाले, डिस्क जायच्या मार्गावर आहे, आधी फाईली काढून घेऊ, मग नवीन ड्राइव्हवर विंडोज टाकू. "सी ड्राइव्हमध्ये काही कामाचं आहे काय गा?" त्यांनी विचारलं. मी ठामपणे नाही म्हटलं. दादा सगळं काम डी ड्राइव्हमध्ये ठेवायचा, हे मला माहीत होतं...

फाईली कॉपी व्हायला दुपार झाली. मग नवीन ड्राइव्ह लावून विंडोज टाकणं सुरू झालं. टक्के पुढे सरकत होते आणि वहिनी, वासुदेवभाऊ आणि मी ते बघत बसलो.

भिंतीवर लग्नाच्या कार्डांचे नमुने अजून लागलेले आहेत. प्रत्येक नमुन्यात नवरदेव दादा आणि नवरी वहिनी. गिऱ्हाइकांची नावं लावणं त्याला पटत नसे. वहिनी त्याला चिडवायची, "किती वेळा लग्न करून राहिले जी माझ्याशी?" तो म्हणायचा, "तुले नवीन डिझाइन नको काय?"

विंडोजने नाव विचारलं. वासुदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीचं नाव टाकलं... दुकान आता तिचंच आहे.

डिझाइनचं सॉफ्टवेअर टाकलं आणि 'स्मृतिदिन-नमुना' ही फाईल उघडली. मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, चौकोन... दुसरी फाईल उघडली, तेच. तिसरी, तेच.

वहिनीने विचारलं, "सारं गेलं काय?"

वासुदेवभाऊ म्हणाले, "गेलं नाही वं. फॉन्ट नाहीत फक्त. जुने मराठी फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये राहते, सीमध्ये." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मीच नीट विचारायले पाहिजे होतं."

चूक माझी होती. दादाची वीस वर्षांची अक्षरं मी कचऱ्यात सोडून आलो होतो.

जुनी डिस्क परत केबलने जोडली. पहिल्यांदा दिसली नाही. दुसऱ्यांदा नुसताच आवाज. वहिनी उठून दारात जाऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा जोडली तेव्हा सी ड्राइव्ह दिसला आणि फॉन्टचं फोल्डर निघालं. मिनिटभरात कॉपी झालं. त्यानंतर डिस्क जी बंद पडली ती पडलीच.

फॉन्ट टाकून फाईल पुन्हा उघडली. या वेळी मराठी दिसली.

सगळ्यात वर 'प्रथम स्मृतिदिन'. आणि खाली मोठ्या अक्षरात, 'कालकथित प्रदीप'.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लिहितात. मला वाटलं, वासुदेवभाऊंनी आत्ताच टाईप केलं. पण त्यांचे हात मांडीवर होते. फाईल चार वर्षांपूर्वीची होती... निमंत्रकांमध्ये वहिनीचं नाव, त्याखाली माझं. ठिकाण म्हणून घराचा पत्ता. हा नमुना भिंतीवर कधीच लागला नव्हता, म्हणून आम्ही पाहिला नव्हता.

वासुदेवभाऊ म्हणाले, "मी त्याले टोकलं होतं एकदा. म्हटलं, असं काहून करतं गा? तर म्हणे, नमुन्यासाठी मरणाच्या कार्डावर जित्या माणसाचं नाव टाका लागते, कोणाचं टाकू मंग? माझंच राहू दे."

वहिनीने स्क्रीनजवळ येऊन कार्ड दोनदा वाचलं. पदराने स्क्रीनवरची धूळ पुसली. मग म्हणाली, "याच्यात बदलवायचं काहीच नाही, भाऊजी... तारीख टाका फक्त."

मी तारीख टाकली.

कार्डं त्याच्याच प्रिंटरवर निघाली, वाटूनही झाली. वासुदेवभाऊ तिसऱ्यांदा केबल लावायला तयार झाले नसते तर हे झालं नसतं, त्यांचे आभार कसे मानावेत कळत नाही.

पुढच्या महिन्यापासून वहिनी दुकान सुरू करते आहे. गिऱ्हाइकांना दाखवायला स्मृतिदिनाचा नवीन नमुना करून ठेवा, असं तिने मला सांगितलं. काल तो केला. नावाच्या जागेवर येऊन बराच वेळ थांबलो...

शेवटी माझंच नाव टाकलं. वहिनी फेसबुकवर नाही, म्हणून इथे लिहितो आहे. तिला सांगितलेलं नाही. पण त्या जागी दुसऱ्या कोणाचं नाव लिहायला माझाही हात धजला नाही.