तांब्याच्या खिळ्यावरचा अडकित्ता

कार्ड उंबऱ्याबाहेरच वाचलं आणि रीतीप्रमाणे तिथंच फाडून टाकलं. भावोजी गेले. त्यालाही आता महिना होईल. अक्काकडे जाऊन आलो, दिवसवार झाले, आपल्या गावी तळ्याला परतलो. पण अंगातला शीण काही जात नाही...

भावोजी, म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, समुद्रकाठच्या चुंबकाच्या कचेरीत होते. पृथ्वीचं चुंबकत्व रोज किती हलतं ते तिथं टिपत. इमारतीत लोखंडाचा खिळा नव्हता, बिजागऱ्यासुद्धा पितळेच्या. आत जाण्याआधी चाव्या, चाकू, नाल मारलेल्या वहाणा, सगळं बाहेर. घरच्या ओटीवरही त्यांनी खांबाला तांब्याचा खिळा ठोकला होता. कामावर निघताना चाव्यांचा जुडगा तिथं अडकवत.

"लोखंडच का हो ओढलं जातं? तांब्यानं काय घोडं मारलंय?" असं मी एकदा विचारलं, तर मला बंदरावर घेऊन गेले. नांगरलेल्या होड्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "भरती लागली की सगळ्यांची तोंडं कशी एकदम फिरतात बघ. लोखंडात असेच बारीक बारीक चुंबक असतात, एकमेकांचं बघून एका दिशेला वळणारे. तांब्यात तो मेळच नाही. लाटेवरच्या नारळाच्या सोडणांसारखा कारभार! असं का, ते मात्र मला विचारू नकोस. मोठमोठे साहेबही अजून भांडतायत."

मग मला कचेरी दाखवायला नेलं. मी चाव्या काढल्या, वहाणा काढल्या. कमरेचा अडकित्ता विसरलो. पोट तेव्हाही असं होतं, की त्याच्याखाली काय खोचलंय ते मलाच दिसत नसे. आत अंधार. टांगलेल्या चुंबकावरून आलेला उजेडाचा ठिपका फोटोच्या फिरत्या कागदावर रेघ ओढत होता. दुसऱ्या दिवशी कागद धुतला, तर रेघेला हे एवढं टेंगूळ! साहेबानं विचारलं. भावोजी म्हणाले, "लोखंड माझ्या हलगर्जीपणानं आत गेलं." ठरलेली बढती गेली. हे मला अक्काच्या पत्रातून कळलं. अडकित्ता तर परतीच्या वाटेवरच, सुपारी कातरताना, हातात आला होता. पण कबूल करायला माझं तोंड काही उघडलं नाही. खायला मात्र पुढं दहा वर्षं त्यांच्याच पानावर उघडत राहिलं.

तेराव्यानंतर ओटीवर बसून अखेर अक्काला सांगितलं.

"ठाऊक होतं त्यांना," ती म्हणाली. "रेघ बिघडली ती तू आत शिरल्यापासून, आणि तू जेवायला बाहेर पडलास तशी सरळ झाली."

"मग बोलले का नाहीत?"

"मला म्हणाले, त्याला विचारू नकोस... यायचा बंद होईल."

खिळ्यावर चाव्या अजून तशाच होत्या. मी अडकित्ता काढून त्यांच्याशेजारी अडकवला. निघताना घ्यायला हात गेला, पण घेतला नाही.

हल्ली सुपारी खलबत्त्यात कुटून खातो.