ऑपरेशनआधीचा अल्बम

दीप्ती मेश्रामचा गळा पहिल्यापासून मोठा. नागपुरात इंदोऱ्याला तिचे बाबा जयंतीच्या मंडपात भीमगीतं गायचे आणि मागे उभी राहून कोरस धरणारी दीप्ती पार पुढच्या चौकात ऐकू यायची. शाळेतल्या बाई मात्र म्हणाल्या, "अगं, गाणं म्हणायचंय, हाळी नाही द्यायची!" पोरीने गळा आवरला तो आवरलाच. शिकली, सिंगापूरला आली, वन-नॉर्थच्या विज्ञान-वसाहतीत संशोधनाच्या नोकरीत रमली. मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये भिंतीला भिंत लागून शेजार. तिथे ती गुणगुणायची तेवढंच.

मग एका रविवारी एका सहकाऱ्याने बुकित तिमाहच्या घरी जेवायला बोलावलं. त्याची बायको मार्ता मेक्सिकोची. व्हायोलिनं, ट्रम्पेट आणि गिटार घेऊन उभ्याने गाणीबजावणी करणारा त्यांच्याकडचा ताफा असतो, मारियाची; तसा एक तिने इथे मित्रमंडळींतून जमवला होता. जेवणं झाल्यावर मार्ता रांचेरा गायली. शेताची, घोड्याची, दगा देऊन गेलेल्या माणसाची गाणी ती. कडवं संपताना बाईने बेंबीच्या देठापासून असा काही टाहो फोडला, की दीप्तीच्या अंगावर काटा आला. आणि कुणीही तिला "हळू" म्हटलं नाही.

दुसऱ्या रविवारी दीप्ती न बोलावता गेली. स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहून पाठ केले, अर्थ विचारून घेतले. दोन वर्षांत ताफ्याची मुख्य गायिका तीच झाली आणि मार्तानेच टूम काढली: दहा गाण्यांचा अल्बम, सगळा दीप्तीच्या आवाजात.

स्टुडिओ ठरला त्याच सुमाराला तिच्या मानेवरची गाठ नवऱ्याने, नरेशने, पाहिली. थायरॉइडचा कॅन्सर निघाला. सर्जन म्हणाले, सावकाश वाढणारा आहे, काढून टाकू. आवाजाची नस मात्र गाठीला खेटून जाते. बोलता येईल, पण वरच्या सुरांची खात्री देता येत नाही.

नरेश बिल भरायला खाली गेला तेव्हा दीप्तीने विचारलं, "थांबलं तर?"

"दोन महिने चालेल. त्यापुढे नको."

आणि घरी येऊन तिने सांगितलं, "ऑपरेशनची तारीख लवकर मिळत नाहीये. रांग आहे."

रेकॉर्डिंग सुरू झालं. गाणी कधी नव्हे इतकी चांगली होत होती. मार्ता काचेपलीकडून टाळ्या वाजवायची. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. परतीच्या बसमध्ये दीप्तीचा हात आपसूक मानेकडे जायचा. गाठ वाढली का? कालच्यापेक्षा मोठी लागतेय का? आठ गाणी झाली.

रक्ततपासणीच्या दिवशी नरेश बँकेतून रजा काढून सोबत आला. नर्स सहज बोलून गेली, "तुम्ही पुढे ढकललेली तारीख आता पक्की ना?"

पार्किंगमध्ये आल्यावर नरेश म्हणाला,

"रांग आहे म्हणालीस."

"नव्हती."

"गाण्यासाठी?"

"हो. दोन महिने चालेल असं डॉक्टरच म्हणाले होते, नरेश."

"मग मला का नाही सांगितलंस? मी नको म्हटलं असतं म्हणून?"

"तू नको म्हटलं असतंस, आणि मी ऐकलं असतं."

तो गाडीला टेकून रडला. इतक्या वर्षांत तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. घरी हे कळल्यावर तेरा वर्षांच्या लेकीने, इराने, दार लावून घेतलं आणि आतूनच सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "यू नेव्हर टेल मी ऑल्सो! सो अनफेअर, लाह!"

ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये गळ्यातल्या एका लसिका ग्रंथीपर्यंत रोग गेलेला निघाला. सर्जन म्हणाले, ते बहुधा आधीच झालं असेल, थांबल्यामुळे नव्हे. नरेशने मान डोलावली. पण 'बहुधा' हा शब्द घरात येऊन बसला तो उठेना.

आवाज परत आला, पण घोगरा, खालच्या पट्टीतला. थेरपी झाली, महिने गेले. वर चढताना सूर फाटायचा तो फाटायचाच. उरलेली दोन गाणी मार्ताला गायला तिनेच सांगितलं. ऐकायला म्हणून स्टुडिओत गेली खरी, पण पहिल्याच कडव्याला उठून बाहेर आली आणि जिन्यात बसून राहिली.

अल्बम निघाला. ऑफिसात कौतुक झालं. इराने मैत्रिणींना ऐकवला. नरेशने मात्र लावला नाही.

पुढच्या स्कॅनच्या आदल्या संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना त्याने विचारलं, "आवाज असता, तर परत असंच केलं असतंस?"

या खेपेला खोटं बोलायचं नाही, एवढं तिने ठरवलेलं होतं. "गायलेच असते," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पण तुला सांगून."

त्याने हातातली घडी पुरी केली. सकाळी तिच्या आधी तयार होऊन, गाडी काढून खाली उभा होता.