हळदीचं पिंप

मी शिकवायचो त्या शाळेच्या वाटेवर, सांगलीच्या हळदपेठेमागं, एक लोहार बसायचा. बोलण्याआधी ऐरणीवर दोनदा हातोडी टकटकवायची त्याची सवय. लढाईमुळं लोखंड मिळेना, म्हणून त्यानं डांबराच्या रिकाम्या पिंपाला भोकं पाडली, आस बसवला आणि हळद घासायचं यंत्र केलं. हळद घासून बायकांचे तळहात सोलायचे, ते थांबलं.

मग शेतीखात्याचे साहेब आले. त्यांनी पिंपाला हार घातला, देशाच्या प्रगतीवर तासभर भाषण ठोकलं आणि नमुना म्हणून पिंप कचेरीत नेलं. ऐन हंगामात बायकांचे हात पुन्हा सोलू लागले.

महिन्याभरानं लोहाराच्या कडब्याच्या गंजीमागं काहीतरी खडखडताना ऐकलं. मी थबकलो. त्यानं दोनदा टकटक केलं.

"आवं मास्तर, कुनाला सांगू नगा. पयलं पिंप देशाच्या प्रगतीत गेलं."