ओव्हनचं दार

माझा साडू व्हर्लिन टॉलेफसन काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. जन्मभर त्याने लोकांकडे एकच गोष्ट मागितली : माझ्या ट्रकला ओलांडून पुढे जाऊ नका, जरा थांबा. आमच्या मिनेसोटात माणसं सभ्य. सगळे मान डोलावतात आणि सगळे ओलांडून जातात. मग रस्त्याकडेच्या चरातून त्यांच्या गाड्या व्हर्लिनच ओढून काढतो.

नाताळला आमच्या सासऱ्यांकडे हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, असतो. तो थोरली मेहुणी आर्डिस करते, वर अननसाच्या चकत्या लावून. व्हर्लिनला तो हॅम पाहवत नाही. बरीच वर्षं तो प्राइम रिबसाठी, म्हणजे बरगडीकडचा गोमांसाचा मोठा तुकडा अख्खा भाजण्यासाठी, मागे लागला होता. यंदा सासरे गेरहार्ट म्हणाले, "कर एकदा. जमलं तर दरवर्षी तेच. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

गाडं खाटकाच्या दुकानातच अडलं. मी सोबत होतो.

"हे प्राइम नाही हं, चॉइस आहे, एक प्रत खाली," ड्वेन खाटीक म्हणाला.

"अरे, पाटीवर तर प्राइम रिब लिहिलंय!"

"ते तुकड्याचं नाव. सरकारी शिक्का वेगळा. शिक्क्याचा प्राइम पाहिजे असेल तर आधी ट्रक विकून ये."

"मग खोटं नाव कशाला लावता?"

"पाटी आजोबांनी लावलीय. शिडी देतो, तू उतरव."

व्हर्लिनने तुकडा घेतला, पण घरी पोचेपर्यंत तो नावाबद्दलच कुरकुरत होता.

त्याची पद्धत अशी : आधी ओव्हन भट्टीसारखा तापवून मांस आत सारायचं, थोड्या वेळाने ओव्हन बंद करायचा आणि पुढे दोन तास दाराला हात लावायचा नाही. आतल्या उष्णतेवरच ते हळूहळू शिजतं. दार एकदा उघडलं की संपलं. नाताळच्या दुपारी त्याने ओव्हन बंद केला, दाराला पाठ लावून खुर्ची टाकली आणि हाताची घडी घालून बसला.

पहिली आली आर्डिस, हातात शेंगांच्या भाजीचं काचेचं भांडं.

"ऊठ रे, हे गरम करायचंय."

"नाही."

"बंदच आहे ना ओव्हन? मग राखण कसली करतोस?"

"बंद आहे म्हणूनच."

"ऐकलंत का बाबा? बंद ओव्हनमध्ये स्वयंपाक चाललाय!" ती माझ्याकडे वळली. "आणि याला म्हणे हॅम आवडत नाही."

मग कोणाला पाव ऊन करायचे होते, कोणाला पाय शेकायचे होते. व्हर्लिनची बायको मार्लिस म्हणाली, "अहो, जरा फट करून बघा तरी, जिवंत तर नाही ना ते?" शेवटी खुद्द सासरे काठी टेकत आले.

"नुसतं बघतो."

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"घर माझं आहे रे."

"घर तुमचं. दोन तास दार माझं."

सासऱ्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं, "हं," म्हणाले आणि परत गेले. व्हर्लिनच्या कपाळावर घाम होता, पण तो जागचा हलला नाही.

दार वेळेवरच उघडलं. मी बरीच लग्नं आणि क्लबातली जेवणं जेवलोय, पण असं मांस पाहिलं नव्हतं. बाहेर खमंग तपकिरी कड आणि आत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा गुलाबी रंग. व्हर्लिनने पहिला काप कापून ताटात ठेवला.

"अगबाई, कच्चंय!" आर्डिस म्हणाली.

"कच्चं नाही. असंच असतं ते."

"एवढं मोठं नाव, आणि शिजवायला वेळ नाही मिळाला?"

ती ताट घेऊन मायक्रोवेव्हकडे गेली. तिच्यामागे तिचा नवरा, त्याच्यामागे मुलं, मग मार्लिससुद्धा. प्रत्येक काप गुलाबी आत जायचा आणि बुटाच्या तळव्यासारखा करडा होऊन बाहेर यायचा. मायक्रोवेव्ह टिंग करायचा आणि दर टिंगला व्हर्लिन डोळे मिटून घ्यायचा. आपला काप तसाच खाणारा मी एकटा होतो. रांगेत शेवटी सासरे उभे होते.

ते बसले. करडा काप बारीक कापून सावकाश चावू लागले. सगळे थांबले. व्हर्लिनने हातातली सुरी खाली ठेवली.

"वाईट नाही," सासरे म्हणाले.

आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. लग्नात नवरीलासुद्धा एवढंच म्हणतात. आर्डिसचा चेहरा पडला. व्हर्लिन कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे दरवर्षी, बाबा?"

"दरवर्षी. हॅम बंद." त्यांनी तोंड पुसलं. "फक्त पुढच्या वेळी मायक्रोवेव्ह दोन ठेव. रांगेत फार उभं राहावं लागलं."

व्हर्लिनने कोट चढवला, फावडं घेतलं आणि सकाळीच साफ केलेली वाट पुन्हा साफ करायला बाहेर गेला. सकाळपासून बर्फ पडलंच नव्हतं.